दुकानाच्या नावाचं तेल म्हणजे डुप्लिकेट तेल नाही, भाऊ

नमस्कार भाऊ,

आमच्या दुकानाला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री जेवताना मुलाने वाचून दाखवला. गाडीचं इंजिन ऑइल बदलायला साडेतीन तास बसवून ठेवलं, ब्रँडेड तेलाचे पैसे घेऊन दुकानाचं तेल ओतलं, दोन हजार किलोमीटरमध्ये तेल काळंकुट्ट झालं, म्हणजे माल डुप्लिकेट, असं तुम्ही लिहिलं आहे. सोबत ऑइल स्टिक आणि ती पुसलेल्या टिश्यूचा फोटो टाकला आहे.

उशीर झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आदला दिवस होता. दुकानातल्या दोन पोरांपैकी एक बहिणीला आणायला चोपड्याला गेलेला, लाइट दोनदा गेली आणि बाहेर ऊन 44 अंशांच्या पुढे. तुमच्यासोबत लहान मूल होतं, त्याला कूलरसमोर बसवायला हवं होतं. ते राहिलं, ती आमची चूक. तुमच्या गाडीच्या, तेल काढायच्या ड्रेन बोल्टचं डोकंही आधीच कोणीतरी घासून गोल केलेलं होतं. तो न तुटता काढायला पाऊण तास गेला. त्याचे आणि नवीन वॉशरचे पैसे मी लावले नाहीत.

पण ‘ब्रँडेडचे पैसे घेतले’ हे मला मान्य नाही. मी काउंटरवर दोन डबे ठेवले होते, दोन्ही 5डब्ल्यू-30 या एकाच ग्रेडचे, म्हणजे सारख्याच जाडीचे, दोन्ही साडेतीन लिटरचे. नामांकित कंपनीचा 2,440 रुपयांचा आणि आमच्या दुकानाच्या लेबलचा 1,680 चा. तुम्ही फोनवर बोलत होता. 760 रुपयांचा फरक ऐकून फोन कानाला तसाच धरून तुम्ही बोटाने आमचा डबा दाखवला, “हाऊच टाकी दे, भाऊ.” (हाच टाकून दे.) तुमच्याकडून तेलाचे 1,680 रुपयेच घेतले. बिलबुकाची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. तुम्हाला छापील बिल दिलं नाही, ती चूक माझी, कारण प्रिंटर लाइटीसोबत बंद पडला होता. पण जास्तीचा एक रुपया घेतलेला नाही.

आता ‘डुप्लिकेट’ या शब्दाबद्दल. तो मला फार लागला. हायवेवर पारोळ्यात 19 वर्षं दुकान आहे, त्याआधी याच जागेवर वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. डुप्लिकेट तेल कसं बनतं ते आम्हाला रोज दिसतं. नामांकित कंपनीचा रिकामा डबा भंगारात जातो, तिथून कोणीतरी विकत घेतो, त्यात वापरलेलं तेल गाळून भरतो आणि नवीन झाकण लावतो. म्हणून आमच्याकडे रिकामा झालेला एकही डबा अख्खा बाहेर जात नाही. बुडाला खिळा ठोकून भोक पाडतो, झाकणाची रिंग कापतो, मगच पोत्यात टाकतो. तुम्ही बसला होता त्या बाकड्याशेजारी ते पोतं होतं. भंगारवाला अख्ख्या डब्याला जास्त भाव देतो, आम्ही तो कधी घेतला नाही. एवढं करणाऱ्याला तुम्ही डुप्लिकेटवाला म्हणालात.

दुकानाच्या नावाचं तेल ही वेगळी गोष्ट आहे. आमचं तेल सिल्वासाच्या ब्लेंडिंग प्लांटमध्ये, म्हणजे तेल मिसळून बनवायच्या कारखान्यात, बनतं. डब्यावर प्लांटचं नाव, पत्ता, बॅच नंबर, महिना आणि एमआरपी छापलेली असते. कोणत्याही इंजिन ऑइलमध्ये मोठा भाग बेस ऑइलचा, म्हणजे मूळ तेलाचा असतो, उरलेला ॲडिटिव्हचा, म्हणजे त्यात मिसळलेल्या रसायनांचा. बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेल्या बऱ्याच तेलांत, नामांकित कंपन्यांच्यासुद्धा, ग्रुप थ्री बेस ऑइल असतं, म्हणजे कच्च्या तेलापासूनच निघालेलं, पण हायड्रोजनच्या दाबाखाली पार शुद्ध केलेलं. याला सिंथेटिक, म्हणजे कृत्रिमरीत्या बनवलेलं, म्हणावं का, यावर अमेरिकेत वाद झाला होता. मोबिलने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीविरुद्ध तक्रार केली आणि 1999 साली जाहिराती तपासणाऱ्या तिथल्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून ग्रुप थ्रीवर सिंथेटिक लिहिणं रूढ झालं. आमच्या डब्यातही ग्रुप थ्रीच आहे, हे मी लपवत नाही. ॲडिटिव्हचं म्हणाल तर जगात ते बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या चारच: लुब्रिझॉल, इन्फिनियम, ॲफ्टन आणि शेवरॉन ओरोनाइट. मोठा ब्रँड असो की छोटा ब्लेंडर, बहुतेकांना यांच्याच दारात जावं लागतं.

माझा भाचा अमेरिकेत आहे. तिथल्या मोठ्या दुकानांच्या साखळ्यांपैकी कॉस्टको कर्कलंड नावाने आणि वॉलमार्ट सुपर टेक नावाने स्वतःचं सिंथेटिक तेल विकतं. कॅस्ट्रॉल आणि मोबिलचे डबे त्याच फडताळावर असतात. तिथलं गिऱ्हाईक डबा उलटा करून मागचा एपीआयचा (अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेचा) गोल शिक्का, ग्रेड आणि दर्जा बघतं आणि जो परवडेल तो घेतं. दुकानाचा डबा म्हणून त्याला कोणी नकली म्हणत नाही.

इथे एक गोष्ट मी स्वतःहून सांगतो, कारण तुम्ही ती विचारली नाहीत. एपीआयचा तो गोल शिक्का लावायला त्यांचा परवाना आणि फी लागते. आमच्या डब्यावर एसपी हा पेट्रोल इंजिनच्या तेलाचा एपीआय दर्जा लिहिलेला आहे आणि प्रत्येक बॅचचा प्लांटचा टेस्ट रिपोर्ट माझ्याकडे आहे, पण गोल शिक्का नाही. नामांकित डब्यावर तो आहे. 760 रुपयांच्या फरकात तो शिक्का येतो, कंपनीचं संशोधन येतं आणि टीव्हीवरच्या क्रिकेटची जाहिरातही येते. म्हणून वॉरंटीतल्या गाडीला मी आमचं तेल सुचवत नाही. डीपीएफवाल्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या, बीएस-6 डिझेलला, टर्बो पेट्रोलला सांगत नाही. मोटरसायकलला तर मुळीच नाही, तिच्या ओल्या, म्हणजे इंजिनच्या तेलातच फिरणाऱ्या क्लचला जासो एमए हा वेगळा दर्जा लागतो. तुमची गाडी साधी पेट्रोल, वॉरंटी कधीच संपलेली, म्हणून दोन्ही डबे समोर ठेवले. आणि यात मी फार कमावतो असंही नाही. त्या 1,680 मध्ये 256 रुपये 18 टक्के जीएसटीचे. नामांकित डब्यावर मला 180 सुटतात, आमच्या डब्यावर 210. तीस रुपयांसाठी कोणी दुकानाचं नाव घालवत नाही.

राहिलं तेल काळं होणं. चांगलं तेल इंजिनमध्ये काळं होतंच, कारण त्यातलं डिटर्जंट आतली काजळी आणि चिकटा धुऊन आपल्यात घेतं आणि डिस्पर्संट ती काजळी गुठळी न होऊ देता तरंगती ठेवतं. बॉनेटखालच्या जुन्या स्टिकरवर पुढच्या सर्व्हिसचं किलोमीटर लिहिलेलं होतं. तुम्ही आलात तेव्हा गाडी त्यापुढे 4,300 किलोमीटर गेलेली होती. जुनं तेल काढताना धार पडत नव्हती, डांबरासारखं ओघळत होतं. पोराने बोटावर घेऊन तुम्हाला दाखवलं तेव्हा “गावाला जायची घाई होती” असं तुम्हीच म्हणालात. ती घाण काही एका ड्रेनमध्ये निघत नाही. नव्या तेलाने ती सोडवली आणि स्वतःवर घेतली.

तुमचाच फोटो मोठा करून बघा. टिश्यूवर मधला डाग गडद आहे, पण तो बाहेरपर्यंत फिकट होत पसरत गेला आहे आणि कडेला पिवळसर रिंग आहे. तेल मेलेलं असतं तर काजळी मध्येच घट्ट बसली असती आणि कडेला नुसतं स्वच्छ तेल पाझरलं असतं. टिश्यूवर पक्कं कळत नाही, ब्लॉटिंग पेपर लागतो, तो माझ्याकडे आहे. पण तुम्ही पुरावा म्हणून टाकलेला फोटो मला तरी तेल काम करत असल्याचा दिसतो.

हे सगळं लिहायचं कारण सांगतो. तुमचा रिव्ह्यू आल्यावर आज सकाळपासून दोन टॅक्सीवाल्यांचे फोन आले, “भाऊ, आमच्या गाडीत काय टाकलं होतं?” रावेर-यावलच्या केळीच्या गाड्या आमच्याकडे थांबतात, त्यांच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवरही तुमचा फोटो फिरतो आहे. उशिरासाठी तुम्ही एकच स्टार दिला असता तरी मी गप्प बसलो असतो. मालावर बोट ठेवलं, म्हणून बोललो.

इथून पुढे डबा गिऱ्हाइकासमोर फोडायचा आणि कोणता टाकला ते बिलावर लिहायचं, असं पोरांना सांगितलं आहे. सणाच्या गर्दीचं आणि बसायच्या जागेचंही काहीतरी बघतो.

तुमच्या बॅचची सीलबंद बाटली मी वेगळी काढून ठेवली आहे. गाडी घेऊन या, तेल तुमच्यासमोर काढू आणि ब्लॉटिंग पेपरवर गाडीतल्या आणि बाटलीतल्या तेलाचे थेंब शेजारी टाकू. त्यानंतरही मन मानत नसेल तर नामांकित डबा ओतून देतो, तुम्ही फक्त वरचे 760 द्या, मजुरी आणि फिल्टर माझ्याकडून. मंगळवार सोडून कधीही या, पण सकाळी 11 च्या आत आलात तर गर्दी नसते आणि मूल सोबत असलं तरी त्रास होणार नाही.