थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नव्हे

उन्हाळा लागला की ड्रायव्हर मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा आशय असा: थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत त्यातलं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) हा थंड देशांसाठीचा भाग आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे तो काढून टाका. पाणी सतत फिरत राहील, इंजिन कधी तापणार नाही आणि ॲव्हरेजही वाढेल. बरेच अनुभवी मेकॅनिकही हेच सांगतात आणि मनापासून सांगतात, म्हणून तर लोकांना ते पटतं. पण हा सल्ला इंजिनाचं आयुष्य कमी करतो.

आधी थंड देशांचं बघू. थर्मोस्टॅटला बाहेरच्या हवेशी देणंघेणं नसतं, तो इंजिनातल्या पाण्याच्या तापमानावर चालतो. त्याच्या पोटात मेण भरलेली धातूची कुपी असते. मेण वितळून फुगलं की दांडी सरकते आणि झडप उघडते. बहुतेक गाड्यांत हे साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होतं. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ वर गेला, तरी सकाळी चालू केलेलं इंजिन या आकड्यापासून कितीतरी दूर असतं. त्याला लवकर गरम व्हावंच लागतं. गार इंजिनात इंधन नीट जळत नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं, आणि ऑइलात साचलेला ओलावा उडून जात नाही. पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरचे लायनर झिजतात ते अशानं.

ॲव्हरेज वाढण्याचा दावा तर सरळ उलटा आहे. पाण्याचा सेन्सर ‘इंजिन अजून गार आहे’ असं सांगत राहतो, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जादा इंधन सोडत राहतो. बीएस-६ गाडीत चेक इंजिनचा दिवा लागून पी०१२८ हा, पाणी पुरेसं तापत नसल्याचा, कोड येऊ शकतो. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत पाणी पुरेसं तापलं नाही, तर काजळी जाळण्याची प्रक्रियाच अडू शकते.

राहिला मुख्य दावा, इंजिन तापणार नाही. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरची झडप उघडते तेव्हा ही चकती बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारा, रस्ता बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. मग गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच घिरट्या घालतो, आणि खंबाटकीच्या चढाला तापमानाचा काटा वर जातो तो नेमका यामुळे.

(या मेसेजला उत्तर देणारेही एक चूक करतात. ‘पाणी वेगानं गेलं की रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही’ हे कारण खरं नाही. प्रवाह वाढला की एकूण उष्णता जास्तच बाहेर पडते.)

‘पण माझी गाडी काढल्यावर थंड झाली!’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. त्यांचा थर्मोस्टॅट बहुधा बंद अवस्थेत अडकलेला होता. तो काढल्यावर वाट मोकळी झाली. यातून सिद्ध एवढंच होतं की तो भाग खराब होता. नवा बसवला असता तरी गाडी थंडच झाली असती.

शिवाय दोष दुसरीकडेही असू शकतो. फक्त ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर आधी फॅन, रिले आणि फॅनचा सेन्सर बघा. हायवेला किंवा घाटात तापत असेल तर चोक झालेला रेडिएटर, वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट. काटा वर गेलाय, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) कडक तापलाय आणि खालचा गार आहे, तर संशय थर्मोस्टॅटवर घ्या, मात्र पाणी कमी असलं, हवा अडकली किंवा पंप गेला तरी असंच दिसतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइल दुधाळ, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, अशा वेळी हेड गॅस्केट (सिलिंडर हेड आणि इंजिन ब्लॉकमधली सील) तपासल्याशिवाय गाडी चालवू नका.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरीही होते. दोऱ्यानं बांधून पातेल्यातल्या पाण्यात तळाला न टेकता सोडा, शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस लावा. अंगावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडला आणि गार झाल्यावर घट्ट मिटला, तर तो चांगला आहे.

बदलताना इंजिन पूर्ण गार हवं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर येतं. जुन्या गॅस्केटचा कण न कण खरवडून काढा. मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला येते. हवा सुटायची छोटी पिन असेल तर ती सहसा वरच्या अंगाला ठेवतात. बोल्ट आलटून पालटून समान आवळा, कारण ॲल्युमिनियमचं हाऊसिंग सहज तडकतं. कंपनीनं सांगितलेलं कूलंट भरा, नुसतं नळाचं पाणी नको. ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून हवा काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा आणि फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत काट्यावर लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी इंजिन गार असतानाच कूलंटची पातळी पुन्हा बघून कमी असेल तेवढं भरा.