मुद्राचे कर्ज फेडावेच लागते

‘गोव्यातल्या महिलांसाठी सुवर्णसंधी’ अशा मथळ्याचा एक निरोप सध्या डिचोली-साखळी भागातल्या बचत गटांच्या व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की मुद्रा या सरकारी कर्ज योजनेचे 50 हजार विनातारण मिळतात आणि फेडले नाहीत तरी सरकार भरते. वर 35 टक्के सबसिडी रोख खात्यात जमा होते. घरगुती धंद्याला कसलाच परवाना लागत नाही. 40 लाखांपर्यंत जीएसटी नाही, माल देशभर पाठवा. 30 रुपयांत तयार होणारी आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) बाटली 120 ला विकली की 90 रुपये सरळ नफा. शेवटी एक मोबाइल नंबर, आणि ‘फाइल चार्ज फक्त 1,750’.

माझ्या वहिनीला हा निरोप वेगवेगळ्या गटांतून आला. तिने मला फोन करून विचारले, “भावोजी, फेडायचंच नसेल तर घ्यायला काय हरकत?” सोसायटीचा हप्ता कधी चुकवला नाही अशी ही बाई. तिने हा प्रश्न विचारावा, याचा मला संताप आला, तिच्यावर नव्हे, ज्याने हे लिहिले त्याच्यावर. मी बाजारातल्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. थकलेल्या कर्जाने घराचे काय होते ते रोज बघतो.

तर पहिला आणि सगळ्यात घातक मुद्दा, ‘सरकार भरते’. ही समजूत कुठून आली ते कळते. 2008 साली केंद्राने शेतकऱ्यांची कर्जे माफ केली, नंतर शेजारच्या महाराष्ट्रातही कर्जमाफ्या झाल्या. त्या बातम्या लोकांच्या डोक्यात आहेत. पण ती शेतीकर्जे होती. 2015 साली सुरू झालेली मुद्रा योजना मुळात शेतीबाहेरच्या लहान धंद्यांसाठी आहे. शिशू गटात 50 हजारांपर्यंत, किशोरमध्ये 5 लाखांपर्यंत, तरुणमध्ये 10 लाखांपर्यंत. पैसे सरकारचे नसतात, बँकेचे असतात. मुद्रा ही संस्था स्वतः कोणाला कर्ज देत नाही, कर्ज देणाऱ्या बँकांना आणि वित्तसंस्थांना पुनर्वित्त, म्हणजे मागून पैसा, पुरवते. तुमचा करार होतो तो तुमच्या गावच्या शाखेशी.

मग ‘सरकारची हमी’ म्हणतात ती काय? हमी आहे, नाकारत नाही. सूक्ष्म उद्योगांच्या कर्जांसाठी वेगळा पतहमी निधी आहे. पण ती हमी बँकेला आहे, कर्जदाराला नाही. कर्ज बुडाले तर बँकेचे काही नुकसान त्या निधीतून भरून निघते, कर्जदाराच्या नावावरची बाकी तशीच राहते आणि वसुलीही चालू राहते. हप्ता 90 दिवस थकला की खाते अनुत्पादित, म्हणजे थकीत (एनपीए), ठरते. मग शाखेतून फोन, नोटीस, लोक अदालतीचे बोलावणे. कर्जातून घेतलेले यंत्र आणि माल बँकेकडे नजरगहाण असतो, म्हणजे ताबा तुमचा पण हक्क बँकेचा, तो विकून मोकळे होता येत नाही.

आणि जे लगेच दिसत नाही ते सगळ्यात महाग पडते. थकबाकी सिबिलमध्ये, म्हणजे सगळ्या बँका बघतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत, चढते. वहिनीची मुलगी बारावीला आहे. उद्या तिच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचे झाले तर सहकर्जदार म्हणून आईची सही लागेल, आणि बँक पहिल्यांदा आईचा सिबिल उघडून बघेल. 50 हजार ‘फुकट’ घेतले म्हणून पोरीची फाइल परत यायची. निरोप लिहिणाऱ्याला याचे काय सोयरसुतक? तो तोपर्यंत नंबर बदलून बसलेला असेल.

‘विनातारण’ एवढे मात्र खरे आहे. 10 लाखांपर्यंतच्या लहान उद्योगाच्या कर्जाला तारण मागू नये असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवले आहे. कोणी अधिकारी गंठण किंवा घराचे कागद मागत असेल तर त्याला हे सांगावे. पण तारण नाही म्हणजे देणे नाही, हा जोड निरोपवाल्याच्या पदरचा.

सबसिडीचे तर दोन योजनांचे काहीबाही एकत्र केले आहे. मुद्राच्या कर्जाला स्वतःची सबसिडी नाही, हे मुद्राच्या संकेतस्थळावरच्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट लिहिले आहे. 35 टक्क्यांचा आकडा आहे तो पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातला, खादी ग्रामोद्योग आयोगाचा. तिथे ग्रामीण भागातल्या महिलेला 35 टक्के अनुदान बसते, हे बरोबर. पण स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात, धंदा नवाच असावा लागतो, आणि अनुदान हातात कधीच येत नाही. ते बँकेत 3 वर्षे वेगळे अडकवून ठेवतात, धंदा चालू आहे असे दिसले की मगच कर्जात वळते करतात. त्या पैशांतून बाटल्या आणायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडून द्या. आपल्याकडे ईडीसीची, म्हणजे गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळाची, मुख्यमंत्री रोजगार योजनाही आहे. तेही कर्जच, फेडायचेच.

आता तो 90 रुपयांचा नफा. इथे मी वहिनीला तिचीच वही घेऊन बसवले. भिरंडां (कोकमाची फळे) आणि मीठ मिळून बाटलीमागे 35 रुपये. बाटली, बूच, लेबल 15. बाजारापर्यंतचे भाडे 5. फुटली, गळली, आंबली त्याचे 5. झाले 60. बाटली दुकानात 120 ला विकली जाते खरी, पण त्यातले 30 दुकानदार ठेवतो. वहिनीच्या हातात 90 येतात, म्हणजे सुटतात 30. त्यात तिची मजुरी धरलेलीच नाही. साली काढायच्या, मिठात घालायच्या, रोज परतायच्या, गाळायच्या, याचे मोल शून्य धरून 30.

50 हजार 12 टक्क्यांनी 3 वर्षांसाठी घेतले असे धरा. हप्ता सुमारे 1,660 येतो. म्हणजे नुसता हप्ता भरायला महिन्याला 56 बाटल्या विकल्या गेल्या पाहिजेत, आणि त्यांचे पैसेही आले पाहिजेत. विकले जाणे वेगळे, पैसे येणे वेगळे. आपल्याकडचा दुकानदार माल ठेवून घेतो आणि ‘खपला की देतो’ म्हणतो. वहिनीची चवथीला ठेवलेल्या मालाची उधारी दिवाळीनंतर वसूल झाली आहे. शिवाय भिरंडां एप्रिल-मेमध्येच. पाऊस लागायच्या आत वर्षाचा सगळा माल करून ठेवायचा, म्हणजे सगळे पैसे एकदम जाणार आणि बाटली-बाटलीने परत येणार. हप्ता मात्र दर महिन्याला. या एका गोष्टीने आमच्याकडचे कितीतरी चांगले हात धंद्यातून उठले. माल वाईट होता म्हणून कोणी बुडाले नाही, पैसे उधारीत अडकून बुडाले.

म्हणून मी तिला सांगितले की यंदा कर्ज नकोच. गटाच्या बचतीतून मिळेल तेवढ्याच रकमेची भिरंडां घे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात स्वतः बस, रोखीने विक. वर्षभराचे आकडे वहीत आले की मग बँकेत जाऊ. ती वही बघून बँकेलाही ठरवणे सोपे जाईल. आणि त्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घे. आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर एक पैसाही लागत नाही. (पैसे मागणाऱ्या खासगी वेबसाइटी डझनावारी आहेत, त्यांना हात लावू नका.) ती नोंदणी असली की लेखी करार असतानाही दुकानदाराला 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर कायद्याने चक्रवाढ व्याज बसते. गावच्या दुकानदारावर कोणी दावा लावत नाही, ठाऊक आहे मला. पण बिलावर तेवढी ओळ छापलेली असली तर मोठी दुकाने नीट वागतात.

परवान्याचे थोडक्यात. खाद्यपदार्थ घरी केला तरी अन्नसुरक्षा नोंदणी लागते. लहान उत्पादकाला वर्षाला 100 रुपये शुल्क, अर्ज ऑनलाइन, आपल्याकडे काम बांबोळीच्या अन्न व औषध संचालनालयाचे. 14 आकडी नंबर लेबलावर घालायचा, सोबत वजन, किंमत, नाव-पत्ता, तारीख. 100 रुपये वाचवायला सांगून बायकांना दंडाच्या तोंडी देणारा माणूस हितचिंतक नव्हे.

जीएसटीचे अर्धे खरे आहे. माल विकणाऱ्याला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण राज्याच्या आत. करपात्र माल राज्याबाहेर विकला की पहिल्या बाटलीपासून नोंदणी सक्तीची, उलाढाल कितीही असो. हस्तकलेला यात सवलत आहे, आगळाला नाही. डिचोलीहून दोडामार्ग किती जवळ, पण ते महाराष्ट्रात. पत्रादेवीचा सीमानाका ओलांडला की बांदा, तेही तसेच. ‘देशभर पाठवा’ म्हणणाऱ्याने हे सांगितलेले नाही.

राहिले ते 1,750. मुद्राने आपल्या संकेतस्थळावर लिहून ठेवले आहे की त्यांचे कोणी एजंट वा मध्यस्थ नाहीत, तसे सांगणाऱ्यांपासून दूर राहा. 1,750 रुपये भरा आणि मुद्राचे 1 लाख घ्या असे मंजुरीपत्र मागे फिरले होते, ते पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या, फॅक्ट चेकने खोटे ठरवले आहे. आकडासुद्धा बदलायची तसदी यांनी घेतली नाही. शिशू कर्जाचा अर्ज आपल्या शाखेत जाऊन मिळतो, भरायला कोणी लागत नाही, आणि अडलेच तर मी आहे.

गटातल्या कोणी पैसे भरून झाले असतील तर लाजून गप्प बसू नये. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा, व्यवहाराचा नंबर आणि वेळ हाताशी ठेवा, बँकेलाही त्याच दिवशी कळवा. जितका उशीर तितकी रक्कम अडवून धरणे अवघड. नुसते आधार-पॅनचे फोटो पाठवले असतील तरी सिबिलचा अहवाल काढून बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. आपण न घेतलेले एखादे कर्ज त्यात दिसले तर तिथल्या तिथे लेखी तक्रार करा आणि तिची पोच जपून ठेवा.