वायरिंगला कात्री लावू नका हो!

कितीदा सांगायचं? लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकल मेकॅनिककडे जादा दिवे बसवायला दिली की दरवेळी तेच. हेडलाइटची वायर मधेच सोलायची, तिच्यावर नवी वायर पिळायची आणि काळी टेप गुंडाळून मोकळं व्हायचं. वर म्हणायचं, "काही होत नाही हो." होतं! ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे १२ व्होल्टला ९ अँपिअरच्या वर करंट. तो हेडलाइटच्या बारीक वायरीतून आणि हँडलवरच्या इवल्याशा स्विचमधून ओढायचा? स्विचचे पॉइंट जळणारच. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा, बॅटरीवरून वेगळी जाड वायर घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. एवढंच तर मागतोय.

परवा टाकी उतरवली. टेपचा डिंक गरमीने पातळ होऊन वायरीवर ओघळलेला, आतली तार हिरवी पडलेली. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की तीच वायर फ्रेमपाशी चिमटली जात होती. आवरण घासून तांबं उघडं पडलं होतं. हे रात्री, वस्तीपासून लांब शॉर्ट झालं असतं तर?

रॅक वाकला तर दोरीने बांधता येतो, पेटी फुटली तर पट्ट्याने आवळता येते. पण टेपखाली लपवलेला सांधा शोधायला अख्खी गाडी सोलावी लागते. (ती काळी टेप बघितली तरी आता डोकं फिरतं.) सांधा नीट क्रिम्प करून (धातूच्या नळीत घट्ट दाबून) वर हीटश्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवायला १० मिनिटं जास्त लागतात. घ्या ना ती १० मिनिटं!