गाडी विकता, मग तिची पिन का ठेवत नाही?

माझा ट्रेल ट्रक, म्हणजे टेकड्या-कातळांवर चालवायचा रिमोटचा छोटा ट्रक, बंद पडून आहे. मोटर ठणठणीत, बॅटरी भरलेली, स्टिअरिंग वळवणारा सर्वो नवा, गिअरबॉक्समधून कसलाही आवाज नाही. बंद आहे तो एका पिनेपायी. पुढच्या ड्राइव्हशाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, टोकाला, अ‍ॅक्सलला जिथे तो बसतो तिथे, एक स्क्रू पिन असते. निम्म्या भागाला आटे, निम्मा भाग गुळगुळीत, डोक्यात अ‍ॅलन कीचं भोक. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. ती हादऱ्यांनी सैल झाली आणि टेकडीवरच्या मुरमात कुठेतरी पडली. तेवढ्याने चाळीस-पन्नास हजारांच्या ट्रकची पुढची चाकं फिरायची बंद झाली. आणि ती पिन मला अख्ख्या पुण्यात मिळत नाहीये. मुंबईत मिळत नाहीये. ज्याने ट्रक विकला, त्याच्याकडेही नाही.

त्याचं उत्तर ऐका. "सर, पिन सुटी येत नाही, पूर्ण शाफ्टचा सेट घ्यावा लागेल." बरं, सेट द्या. "सेट आत्ता स्टॉकमध्ये नाही." कधी येईल? "ऑर्डर टाकावी लागेल, महिना-दीड महिना धरून चाला." आणि लगेच पुढचं वाक्य: "सर, नवीन मॉडेल आलंय, त्यावर ऑफर आहे, जुना देऊन टाका ना."

जुना? वर्षही झालेलं नाही अजून. मी तुझ्याकडे पिन मागतोय आणि तू मला नवा ट्रक घे म्हणतोस?

या माणसाने विकताना मला काय सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "सर, हे खेळणं नाही, हॉबी ग्रेड आहे. प्रत्येक पार्ट सुटा मिळतो." याच एका वाक्यावर तो कितीतरी पट किंमत घेतो. बाजारातली हजार-दोन हजारांची रिमोटची गाडी आणि हा ट्रक यांच्यात मुळात फरक कसला आहे? वेगाचा नाही. असा ट्रक, म्हणजे क्रॉलर, तर माणसाच्या चालीपेक्षाही हळू जातो, तीच त्याची मजा. फरक एवढाच की बाजारातली गाडी तुटली की फेकायची आणि ही उघडून दुरुस्त करायची. पैसे आम्ही त्या दुरुस्तीच्या हमीचे मोजतो. पार्ट नसेल तर तू मला कितीतरी पट भावात तेच फेकायचं खेळणं विकलंस. याला फसवणूकच म्हणतात, दुसरा शब्द मला सापडत नाही.

हा छंद उभा राहिला तोच सुट्या भागांवर. जपानमधल्या शिझुओकाच्या तामियाने 1976 साली आपली पहिली रिमोट कंट्रोल गाडी काढली, पोर्शे 934. ती किट म्हणून आली, म्हणजे खोक्यात गाडी नव्हतीच, गाडीचे भाग होते. 1981 साली त्यांची टोयोटाची फोर बाय फोर पिकअप आली. धातूचे पाटे, तीन गिअर. आजचे बरेच ट्रेल ट्रक त्याच वळणावर चाललेत. त्यांच्या माहितीपुस्तकात स्क्रूची चित्रं खऱ्या मापात छापलेली असतात, हातातला स्क्रू कागदावर ठेवायचा आणि जुळतो का बघायचं. प्रत्येक तुकड्याला अक्षर, प्रत्येक पिशवीला नाव. 1984 ची हॉर्नेट नावाची गाडी त्यांनी 2004 मध्ये पुन्हा बाजारात आणली आणि जगभरच्या माणसांनी माळ्यावरच्या जुन्या गाड्या त्या भागांवर परत चालत्या केल्या. वीस वर्षांनी! आणि आमच्याकडे वर्षाच्या आत पिन नाही.

प्रेशर कुकर घेतला तर त्याची रिंग आणि शिट्टी तालुक्याच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातही टांगलेली असते. तिथल्या दुकानदाराला कळतं की कुकर विकायचा तर रिंग ठेवावी लागते. यांना कळत नाही असं नाही. यांना ठेवायचीच नाही.

आणि हे होऊ शकतं, याचा पुरावा माझ्याकडे आहे. ट्रकच्या चाकांतली बेअरिंग पावसाळ्यात चिखल-पाण्याने गंजतात, दर वर्षी बदलावी लागतात. माप पाच बाय अकरा बाय चार मिलिमीटर. नाना पेठेतल्या बेअरिंगवाल्याकडे गेलो आणि त्या मापाचा नंबर सांगितला, एमआर 115 हवंय. त्याने विचारलं, पत्र्याच्या झाकणाचं की रबराच्या? रबराचं म्हटलं. उठला, मागचा खण ओढला, बेअरिंग काउंटरवर ठेवलं. गिअरबॉक्ससाठी 6700 नंबरचं मागितलं, तेही दिलं. त्या माणसाने आयुष्यात आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोलचा, ट्रक पाहिलेला नाही. त्याला फक्त नंबर माहीत आहे आणि नंबराचा माल ठेवणं हा आपला धंदा आहे हेही माहीत आहे. आरसीच्या नावाची पाटी लावून बसलेल्याला हे जमू नये?

पिन मात्र अशी कुठल्या खणात सापडत नाही, कारण ती सरळ स्क्रू नाही. रविवार पेठेत साधे ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे स्क्रू, हवे तेवढे मिळतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला तर त्याहून जास्त. पण ग्रब स्क्रूला शेवटपर्यंत आटे असतात. गुळगुळीत भागाच्या जागी आटे बसवले की ते शाफ्टचं भोक करवतीसारखं कुरतडतात आणि आठवड्याभरात भोक लांबट होतं. मग पिनेबरोबर शाफ्टही गेला. भोसरीला लेथवाल्याकडे गेलो. भला माणूस. त्याने नमुना म्हणून मागच्या शाफ्टची पिन काढून मापली, आटे मोजले आणि म्हणाला, "करून देईन हो, पण एका पिससाठी सेटिंग करायचं, वर पोलाद कडक करायला हार्डनिंगला द्यायचं, तुम्हालाच परवडणार नाही. शंभर घ्या." त्याचं बरोबर आहे. त्याच्यावर माझा राग नाही. शंभर पिना ठेवणं हे ज्याचं काम आहे, तो माणूस वेगळा आहे आणि तो मला ऑफर पाठवतोय.

आता आयातीचं रडगाणं. विकणारे नेहमी तेच पुढे करतात, आणि त्यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. खेळण्यांवरचं आयातशुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 वर. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. लहान मुलांच्या तोंडात शिसं जाऊ नये म्हणून केलेला नियम चांगलाच आहे. पण मोठ्या माणसाने घरी जोडायचं किटही त्याच रांगेत खेळणं म्हणून उभं राहिलं की त्याची फरपट होते. हे सगळं खरं. पण भाऊ, तुझे अख्खे ट्रक तर येतातच ना? त्यांचं शुल्क भरून, खोक्यांनी? मग त्याच मालाबरोबर पिनांची, शाफ्टची, गिअरची रीतसर बिलाची एक पिशवी मागवायला काय होतं? वजन किती, जागा किती? अडचण शुल्काची नाही. पिनेत मिळतात दहा रुपये आणि ट्रकमध्ये मिळतात दहा हजार, एवढाच हिशोब आहे.

हाच दुकानदार रंगाच्या बाबतीत त्याहून वाईट वागला, आणि ते मला पिनेपेक्षाही जास्त लागलंय.

ट्रकची पारदर्शक बॉडी पॉलिकार्बोनेटची असते. ती आतून रंगवतात, म्हणजे बाहेरची चकाकी तशीच राहते आणि दगडावर घासली तरी रंग जात नाही. पण त्यासाठी पॉलिकार्बोनेटचाच रंग लागतो. तो त्या प्लॅस्टिकला धरतो आणि बॉडी वाकली की तिच्याबरोबर वाकतो. तामियाचे पीएस नंबरचे डबे यासाठी असतात, टीएस नंबरचे कडक प्लॅस्टिकसाठी. साध्या हवाई पार्सलने स्प्रेचे डबे पाठवता येत नाहीत, त्यामुळे बाहेरून मागवायचा रस्ता बंद. म्हणून याला विचारलं. त्याने एक साधा स्प्रे दिला आणि छातीठोक सांगितलं, "सर, सगळ्या प्लॅस्टिकवर बसतो, सगळे हाच नेतात."

मी आणि माझी भाची मिळून ती बॉडी साताऱ्याकडच्या वडापच्या जीपसारखी रंगवत होतो. भांड्यांच्या साबणाने धुतली, वाळवली. काचांना आतून मास्किंग केलं. आतून रंगवायचं म्हणजे सगळा क्रम उलटा: जे सर्वांत वर दिसायला हवं ते सर्वांत आधी मारायचं, आधी गडद, मग फिकट, शेवटी मागून पांढरा हात, म्हणजे रंग उठून दिसतो. मागच्या दारावर नाव हवं होतं. तेही उलटं कापावं लागतं, आरशात दिसेल तसं. देवनागरी उलटी कापणं म्हणजे काय ते करून बघा. वेलांटी उजवी-डावी होते, काना अक्षराच्या चुकीच्या बाजूला जातो. भाचीने ब्लेडने एकेक अक्षर कापलं. पातळ पातळ हात, मधे वाळायला वेळ, वरची संरक्षक फिल्म शेवटी सोलली. काय दिसत होती ती जीप! टपावर कॅरिअर, खाली लाल-पिवळा पट्टा.

पहिल्याच चढावर ट्रक एका कातळावरून उलटला. क्रॉलर उलटतोच, त्यात नवल नाही. बॉडी वाकली, परत सरळ झाली आणि आतला रंग खपल्या खपल्या होऊन चेसिसमध्ये पडला. नावाची अक्षरं पहिल्यांदा गेली. भाची काही बोलली नाही, तिने खपल्या गोळा केल्या आणि डबीत ठेवल्या. मी त्याच संध्याकाळी दुकानात गेलो. उत्तर काय मिळालं? "सर, तुम्ही जाड मारला असेल." आम्ही जाड मारला नव्हता. डबा चुकीचा होता आणि देणाऱ्याला ते माहीत असायला हवं होतं. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणायचं. एका मुलीची सगळी सुट्टी त्या बॉडीवर गेली होती.

आणि यांचा तो लाडका शब्द, "युनिव्हर्सल"! सर्वोच्या दांड्यावर बसणारी पट्टी, म्हणजे हॉर्न, युनिव्हर्सल, मोटरवरचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, युनिव्हर्सल. सर्वोच्या दांड्यावर कुणाचे 23 दाते असतात, कुणाचे 24, कुणाचे 25. पंचविसाचा हॉर्न चोविसावर दाबून बसवला की दाते चिरडतात आणि ऐन उतारावर स्टिअरिंग हातातून जातं. पिच म्हणजे दात्यांचं माप; पिनियन 48 पिचचा आणि त्याला जुळणारा मोठा स्पर गिअर 32 पिचचा लावला तर दोन्हींचं पीठ होतं. हे पाकिटावर छापायला एक ओळ लागते. छापत नाहीत. वर खोक्यात अ‍ॅलन की देतात ती इतक्या मऊ लोखंडाची की तिसऱ्या स्क्रूला तिचीच टोकं गोल होतात आणि जाता जाता स्क्रूचं डोकंही गोल करून ठेवते. ती की कचऱ्यात टाका आणि दोन मिलिमीटरची चांगली पोलादी की घ्या, एवढं तरी विकताना सांगा!

मग आमच्या छंदाच्या ग्रुपवरचे सल्ले. थ्रीडी प्रिंट कर. खिळा कापून घाल. सायकलच्या स्पोकचा तुकडा घाल. प्लॅस्टिकची छापलेली पिन पहिल्या धक्क्याला तुटते, मऊ लोखंडाचा खिळा वाकतो आणि काढताना शाफ्ट फोडावा लागतो. माणसं मदतीच्या भावनेने सांगतात, मला कळतं. पण आपल्या या जुगाडाच्या कौतुकानेच विकणारे निर्धास्त झालेत. गिऱ्हाईक काहीतरी करून घेईल, आपल्याला काय! तारेने बांधलेल्या ट्रकचे फोटो टाकून आपण एकमेकांना शाबासकी देतो, आणि ज्याने पार्ट ठेवायला हवा होता तो त्याच ग्रुपवर नव्या मॉडेलची जाहिरात टाकतो.

यात सगळ्यात जास्त मार बसतो तो नव्या पोरांना. माझ्याकडे हत्यारं आहेत, भोसरीची ओळख आहे, बाहेरच्या देशातून कुणी येणार असेल तर पिन आणायला सांगता येते. कॉलेजातला मुलगा पैसे साठवून पहिला ट्रक घेतो, दुसऱ्या महिन्यात एक गिअर जातो, पार्ट मिळत नाही, घरचे म्हणतात बघ, सांगितलं होतं पैसे वाया घालवू नकोस. तो ट्रक माळ्यावर जातो आणि तो मुलगा परत कधी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही. अशी पोरं मी पाहिलीत. हुशार पोरं. डिफरेन्शियल उघडून त्यात शिम, म्हणजे पातळ चकत्या, टाकणारी, सोल्डरिंग माझ्यापेक्षा स्वच्छ करणारी. ती या छंदातून बाहेर पडली ती कंटाळून नाही, त्यांना बाहेर ढकललं गेलं.

म्हणून आता मी ठरवलंय. कुणीही विचारलं की पहिला ट्रक कुठला घेऊ, तर मी मॉडेल सांगत नाही. मी सांगतो, दुकानात जा, माहितीपुस्तकातलं सुट्या भागांचं पान उघडायला लाव, आणि स्क्रू पिन, ड्राइव्हशाफ्ट, अ‍ॅक्सलचे गिअर, पुढच्या चाकांना धरणारे सी-हब, सर्वो हॉर्न हे प्रत्यक्ष काउंटरवर ठेवायला सांग. फोटो नको, "येतंय" नको, काउंटरवर. नसतील तर पैसे खिशात ठेव आणि बाहेर पड. त्या दुकानदाराने परवा मला फोन करून विचारलं, सर, तुम्ही आमचं गिऱ्हाईक का तोडताय? हो, तोडतोय. ज्या दिवशी तू भाग ठेवशील आणि रंगाचा डबा देताना तो कशाला बसतो हे खरं सांगशील, त्या दिवशी थांबेन.