रणजीतले तीन संघ म्हणजे महाराष्ट्राचे तुकडे नव्हेत

रणजी करंडक या देशांतर्गत क्रिकेट स्पर्धेचा हंगाम रंगात आला, त्यातही मुंबई आणि विदर्भ समोरासमोर आले, की एक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: एका राज्याचे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन क्रिकेट संघ ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मुंबई, पुणे आणि नागपूर यांच्या वैरातून हे तुकडे पडले. खेळाडू वाटले गेले आणि राज्य मागे पडलं. पुणेकर आयपीएलमध्ये चेन्नईसाठी शिट्ट्या मारतो, मुंबई हरली की नागपूरकर खूश होतो, साहित्य-संस्कृतीतही हीच फूट दिसते. तेव्हा तिन्ही संघ मोडून एकच अखंड महाराष्ट्र संघ करावा.

हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक लोक मराठी माणसाच्या एकीच्या कळकळीनं तो पाठवतात. म्हणूनच त्याचं उत्तर मुद्द्यागणिक द्यायला हवं.

तुकडे पडायला आधी काहीतरी अखंड असावं लागतं. पहिली रणजी स्पर्धा 1934-35 मध्ये झाली. मुंबई त्यात होती, आणि तीच जिंकली. पुण्यातून कारभार चालणारा महाराष्ट्राचा संघही त्याच हंगामापासून खेळतो आहे. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती, मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, कोल्हापूर, सांगली, मिरज ही संस्थानं होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आले. 1957-58 मध्ये विदर्भाचा संघ रणजीत उतरला. आज आपण ज्याला महाराष्ट्र म्हणतो ते राज्य जन्मलं 1 मे 1960 रोजी. तिन्ही संघ राज्याहून जुने आहेत. राज्य झालं तेव्हा ते आपापल्या मैदानांसह, क्लबांसह आणि प्रेक्षकांसह आत आले. कुणी भांडून वेगळा झाला नाही.

शेजारी गुजरातेतही गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र असे तीन संघ आहेत, आणि तिघांनीही रणजी जिंकली आहे: बडोद्यानं 2000-01 मध्ये, गुजरातनं 2016-17 मध्ये, सौराष्ट्रानं 2019-20 आणि 2022-23 मध्ये. त्यामुळे गुजराती अस्मिता दुभंगली असं तिथे कुणी म्हणत नाही.

आता 'राज्य मागे पडलं' हा दावा. 2024-25 पर्यंत रणजीचे 90 हंगाम झाले. त्यांतली 42 विजेतेपदं मुंबईची, 3 विदर्भाची आणि 2 महाराष्ट्राची. बेरीज 47, म्हणजे निम्म्याहून जास्त. मुंबईचा वाटा सिंहाचा आहे हे खरं, आणि 1958-59 पासून सलग 15 वर्षं ती जिंकत होती तेव्हा बाकीचे दोघे झाकोळले गेले हेही खरं. पण गेल्या दहा वर्षांकडे पाहा. विदर्भानं 2017-18 आणि 2018-19 असे सलग दोन करंडक नेले. 2023-24 ची अंतिम लढत वानखेडेवर मुंबई आणि विदर्भ यांच्यातच झाली. 538 धावांच्या लक्ष्यासमोर विदर्भानं चिवटपणे झुंज दिली, कर्णधार अक्षय वाडकरनं शतक काढलं, तरी मुंबई 169 धावांनी जिंकली. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत विदर्भानं नागपुरात मुंबईला 80 धावांनी हरवलं आणि केरळविरुद्धच्या अनिर्णित अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा करंडक घेतला. त्या हंगामात हर्ष दुबेनं 69 बळी घेतले, एका रणजी हंगामातला हा विक्रम. यश राठोडनं 960 धावा केल्या. एकच अखंड संघ असता तर या दोघांपैकी किती जणांना त्या वर्षी अकरात जागा मिळाली असती? तीन संघ म्हणजे एका वेळी मैदानावर उतरणारे 33 खेळाडू. एक संघ म्हणजे 11. उरलेले 22 कुठे जातील याचं उत्तर त्या मजकुरात नाही.

उमेश यादवचं उदाहरण घ्या. नागपूरजवळच्या खापरखेड्याचा, कोळसा खाणीत राबणाऱ्या कामगाराचा मुलगा. 2008 मध्ये विदर्भानं त्याला प्रथम श्रेणी सामन्यात उतरवलं, 2011 मध्ये तो कसोटी खेळला. विदर्भाकडून खेळत कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिला. त्या वयात त्याला मुंबईच्या मैदानांवर, भर पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये, तिथल्या क्लबांच्या रांगेत उभं राहावं लागलं असतं, तर तो पोचला असता असं छातीठोकपणे कोण सांगेल?

वैरानं नुकसान केलं, असं मजकूर म्हणतो. मला नेमकं उलट दिसतं, आणि इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण आपला सगळ्यात सुंदर क्रिकेट-इतिहास या वैरातच आहे. 1940 मध्ये प्रा. दि. ब. देवधरांनी वयाच्या 48 व्या वर्षी मुंबईविरुद्ध 246 धावा काढल्या. त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं 1939-40 आणि 1940-41 असा दोनदा करंडक जिंकला. मार्च 1949 मध्ये पुण्यात महाराष्ट्र आणि मुंबई यांची उपांत्य लढत झाली. मुंबई 651, महाराष्ट्र 407, पुन्हा मुंबई 8 बाद 714, आणि शेवटच्या डावात महाराष्ट्र 604. एका सामन्यात 2376 धावा. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये जगात कुठेही एका सामन्यात इतक्या धावा झालेल्या नाहीत. चौथ्या डावात 959 चं लक्ष्य समोर असताना सहाशेच्या पुढे जाणारा संघ केवळ गुण मिळवायला खेळत नव्हता. समोर मुंबई होती म्हणून तो झुंजला. दोन शहरांनी एकमेकांना त्या उंचीवर नेलं.

अशीच एक लढत जानेवारी 2014 मध्ये वानखेडेवर झाली. महाराष्ट्रानं उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला तिच्या घरात 8 गडी राखून हरवलं. विजय पक्का केला तो केदार जाधव आणि विजय झोल यांच्या भागीदारीनं. केदार पुण्याचा, विजय जालन्याचा. त्या हंगामात केदारनं 1223 धावा केल्या आणि संघ अंतिम फेरीत जाऊन कर्नाटकाकडून हरला. महाराष्ट्राचा संघ म्हणजे फक्त पुणे, असं मुंबई-नागपूरकडची मंडळी सहज बोलून जातात. जालन्याच्या झोलचं, छत्रपती संभाजीनगरच्या अंकित बावणेचं, सांगलीच्या स्मृती मानधनाचं नाव घेतलं की त्या बोलण्यातली चूक कळते.

शिवाय या संघांमध्ये भिंती नाहीत. विदर्भाच्या पहिल्या दोन विजेतेपदांच्या वेळी प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, अस्सल मुंबईकर. मुंबईचं ते खडूस क्रिकेट, विकेट फेकायची नाही, समोरच्याला सुखानं श्वास घेऊ द्यायचा नाही, हे नागपूरला त्यांनी शिकवलं. मुंबईचाच वसीम जाफर विदर्भाच्या टोपीत उतरला आणि 2018-19 मध्ये चाळिशीत हजारावर धावा करून गेला. तिसऱ्या विजेतेपदाच्या वेळी प्रशिक्षक उस्मान गनी, विदर्भाचेच. शिकवण आली, रुजली आणि घरची झाली. उलट दिशेनंही माणसं जातात: श्रीरामपूरचा झहीर खान बडोद्याकडून खेळून मुंबईत आला, पृथ्वी शॉ 2025 मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला. रोहित शर्माचा जन्म नागपूरजवळच्या बनसोडचा. तो मुंबईचा मानायचा की नागपूरचा, यावर दोन्हीकडचे लोक वाद घालतात आणि तो खेळायला उतरला की दोन्हीकडचे टीव्हीसमोर बसतात.

पुणेकर चेन्नईसाठी ओरडतो, याला फितुरी म्हणणं अन्यायाचं आहे. पुण्याला आयपीएलचा संघ दोनदा मिळाला आणि दोनदा गेला. पुणे वॉरियर्स 2011 ते 2013, रायझिंग पुणे 2016 आणि 2017. दुसरा तर केवळ चेन्नई आणि राजस्थान यांच्यावर बंदी होती म्हणून दोन वर्षांसाठी आला होता. 2017 च्या अंतिम सामन्यात तो मुंबई इंडियन्सकडून एका धावेनं हरला आणि संपला. महेंद्रसिंह धोनी त्या संघात होता. पुढच्या वर्षी कावेरीच्या वादामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याजवळच्या गहुंज्याला हलवले गेले, तिकडून चाहत्यांना घेऊन खास रेल्वेगाडी आली. आणि 2024 पासून चेन्नईचा कर्णधार कोण? पुण्याचा ऋतुराज गायकवाड. ज्या शहराचा स्वतःचा संघ उठून गेला त्यानं आपल्या मुलाच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या तर त्यात महाराष्ट्रद्रोह कुठला?

फ्रँचायझीच्या निष्ठा मुळातच वेगळ्या मापानं मोजायला हव्यात. प्रो कबड्डीत यू मुंबा आणि पुणेरी पलटण यांची लढत असली की अख्खा महाराष्ट्र दोन तट करून बसतो. पण इराणचा फझल अत्राचली आधी यू मुंबाचा कर्णधार होता आणि नंतर पुणेरी पलटणचा. दोन्ही शहरांनी त्याला डोक्यावर घेतलं. 2024 मध्ये पुण्यानं प्रो कबड्डी जिंकली तेव्हा कर्णधार होता अस्लम इनामदार, अहिल्यानगर जिल्ह्यातला. करंडक पुण्याच्या नावावर लागला, फटाके त्याच्या टाकळीभान गावीही वाजले असणार.

संस्कृतीतल्या फुटीचा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद 1906 ची, विदर्भ साहित्य संघ 1923 चा, मुंबई मराठी साहित्य संघ 1935 चा. मराठवाड्याची स्वतंत्र साहित्य परिषद आहे. या चौघांनी मिळून 1961 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ उभं केलं, आणि त्याचं कार्यालय दर तीन वर्षांनी एका संस्थेकडून दुसरीकडे जातं. चौघांनी आपापली घरं राखून हे साधलं. संमेलनाध्यक्षाच्या निवडीवरून रुसवेफुगवे होतात, होऊ देत. विदर्भ साहित्य संघ मोडून पुण्यात विलीन केला असता तर मराठी अधिक एकसंध झाली असती असं कुणी गंभीरपणे म्हणेल का?

नागपूरकराचं दुःख मात्र खरं आहे आणि ते खिलाडूवृत्तीच्या नावाखाली झटकून टाकू नये. 1956 मध्ये त्याच्या शहराचं राजधानीपण गेलं. 1953 च्या नागपूर करारात दिलेली आश्वासनं पुरती पाळली गेली नाहीत अशी तिथल्या पिढ्यांची भावना आहे, आणि सिंचनाच्या, नोकऱ्यांच्या अनुशेषाबद्दल ती आजही बोलून दाखवली जाते. पण हा हिशेब विधिमंडळात मागायचा आहे. मुंबईला हरवल्यावर नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानात होणारा जल्लोष हा त्या अन्यायाचा पुरावा नव्हे आणि राज्य तोडण्याची मागणीही नव्हे. आपला संघ जिंकला म्हणून झालेला आनंद आहे तो.

एकत्र आल्याशिवाय आपण जिंकत नाही, हा दावा इतर खेळांत तपासू. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत महाराष्ट्राचं पथक एकच असतं. 2023 च्या गोव्यातल्या स्पर्धेत त्यानं 80 सुवर्णांसह 228 पदकं मिळवून पहिलं स्थान घेतलं. त्यात रणजीत एकमेकांविरुद्ध उभे राहणाऱ्या तिन्ही प्रदेशांची मुलं-मुली होती, कुणाला अडचण आली नाही.

आणि मुळात तीनच शहरं का? हा मजकूर लिहिणाऱ्याच्या नकाशावर बाकी राज्यच नाही. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारे मराठी खेळाडू आठवा. 1952 च्या हेलसिंकीत खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यानंतर 72 वर्षांनी पॅरिसमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळे, कोल्हापूर जिल्ह्यातला. कोल्हापुरात तर वैर पेठापेठांत आहे: पाटाकडील आणि दिलबहार हे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा मुंबई-पुण्याचं नावही तिथे कुणी काढत नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून माणसं घडवतं आहे.

एकच संघ करा म्हणणाऱ्यांना हेही ठाऊक असावं की निदान मतांपुरता हा प्रयोग जवळजवळ झाला होता. क्रिकेट मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीच्या 'एक राज्य, एक मत' या शिफारशीवर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं, आणि क्रिकेट मंडळात महाराष्ट्राची तीन मतं एकावर येणार होती. ऑगस्ट 2018 मध्ये न्यायालयानंच ती अट शिथिल केली, मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ आणि गुजरातमधल्या तिन्ही संघटनांचं पूर्ण सदस्यत्व कायम ठेवलं. या संघटनांचा इतिहास आणि क्रिकेटमधलं योगदान न्यायालयानं विचारात घेतलं.

विलीनीकरण झालंच तर निवड समिती एका शहरात बसेल, आणि ते शहर कोणतं असेल हे सांगायला नको. पालघरच्या मुलाला मुंबईची लोकल तरी आहे, शार्दूल ठाकूर तिनंच आला. जालना, धाराशिव, गडचिरोलीच्या मुलाचं काय? आज तो पुण्याला किंवा नागपूरला चाचणीसाठी जातो, उद्या त्याला आणखी लांब जावं लागेल. एकीची खरीच तळमळ असेल तर तीन संघ मोडण्याऐवजी चौथ्याचा विचार करा. मराठवाड्याला स्वतःचं साहित्य व्यासपीठ आहे, स्वतःचा रणजी संघ नाही. संघ लगेच होणार नसेल तर निदान प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एक चांगली टर्फ विकेट, एक पगारी प्रशिक्षक आणि वर्षभर चालणारी लीग मागा.