खुलासा : अग्निवीरांना ११.७१ लाख भरती होताच मिळत नाहीत

सोलापूर, मोहोळ, बार्शीकडच्या भरतीच्या ग्रुपांवर 'अग्निवीर झालात की ११.७१ लाख लगेच खात्यात' असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने अग्निपथ योजना (सैन्यात चार वर्षांसाठी भरती, त्यातले जवान म्हणजे अग्निवीर) जाहीर करताना दिलेला पगाराचा तक्ता बघा. पहिल्या वर्षी महिना ३०,०००. त्यातले ९,००० सेवा निधीत कापले जातात, हातात २१,०००. कापलेल्या रकमेइतकीच भर सरकार घालतं. व्याजासह सुमारे ११.७१ लाख होतात ते चार वर्षं पुरी झाल्यावर. करमुक्त, हे खरं. पण पेन्शन, ग्रॅच्युइटी नाही आणि चार वर्षांनंतर सैन्यात कायम होतात जास्तीत जास्त २५ टक्के. पोरं पहाटे ग्राउंडवर जीव तोडून पळतात. या आकड्याच्या भरवशावर एखादं घर उसनवारी करून बसेल. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.