जुन्या करारातला देव रागीट? आधी होशेय ११ वाचा

परवा एका ग्रुपवर परत तेच, बायबलच्या जुन्या करारातला देव म्हणजे नुसता संताप, प्रेमबिम सगळं नंतर नव्या करारात आलं. मी संडे स्कूलात वाढलेय, आम्हालाही जलप्रलय आणि पापी सदोम शहरावर पडलेली आगच रंगवून सांगायचे, त्यामुळे माझंही कित्येक वर्षं हेच मत होतं, खोटं कशाला बोलू.

मग जुन्या करारातल्याच होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ११वा अध्याय नीट वाचला. ख्रिस्तपूर्व ८वं शतक, उत्तरेचं इस्राएल राज्य, लोक बआल या दुसऱ्याच दैवताच्या नादी, अश्शूरचं साम्राज्य उरावर बसलेलं (७२२च्या सुमाराला शोमरोन ही राजधानी पडलीच). आणि देव काय आठवत बसलाय, तर एफ्राईमला (म्हणजे याच इस्राएलला) मी चालायला शिकवलं, दंडाला धरून, वाकून भरवलं!! पोरगं तोंड फिरवून निघालंय आणि बापाच्या डोळ्यापुढे त्याची पहिली पावलं. त्यातच हिब्रूतला एक शब्द असाय की तो जू असाही वाचता येतो आणि तान्हं बाळ असाही, म्हणून काही भाषांतरांत देव जू उचलतो, काहींत बाळाला गालाशी धरतो. मला बाळ आवडतं, पंडितांनी भांडत बसावं. राग आहे हो, शिक्षाही सांगितलीय, पण मधेच गळा दाटतो, एफ्राईमा तुला सोडू तरी कसा? आणि कारण देतो काय, तर मी देव आहे, माणूस नाही. आपण बरोब्बर उलटं धरून चालतो, माया माणसाची आणि राग देवाचा.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातही सियोन, म्हणजे यरुशलेम नगरी, म्हणते देव मला विसरला, तर उत्तर येतं, आई तान्ह्याला विसरेल का, आणि विसरलीच तरी मी नाही विसरणार. हिब्रूत दयेला रहमीम म्हणतात आणि गर्भाशयाला रेहेम. विठूला माउली म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

पण माझा सगळ्यात लाडका प्रसंग एलीया संदेष्ट्याचा. ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळालेला, झुडपाखाली बसून म्हणतो पुरे झालं, माझा जीव घे. इथे एखादं लेक्चर सहज बसलं असतं. पण देवदूत येतो, निखाऱ्यावरची भाकर, पाण्याचं मडकं, ऊठ खा. खाल्लं, परत झोपला. झोपू दिलं, परत उठवलं, परत खा, वाट लांबची आहे. मी दहावीला गणितात नापास होऊन आले तेव्हा आईपण एवढंच बोललेली, आधी दोन घास खा. होरेब डोंगरावर पोचल्यावर मात्र देवाचा प्रश्न, इथे काय करतोयस? त्याने रडगाणं गायलं. मग वारा, भूकंप, आग, देव त्या कशातच नाही, आणि शेवटी अगदी हलका आवाज, परत तोच प्रश्न, परत तेच रडगाणं शब्द न शब्द, आणि तेही ऐकून घेतलं. मग काम दिलं, आणि नंतर तुझी जागा घ्यायला अलीशा नावाचा माणूस आहे म्हणून सांगितलं.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू लोक, याच एलीयाच्या नावाने मलिदा करतात. गोड पोहे, खोबरं, फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला तो रथातून आला म्हणतात, खडकावर खुणा दाखवतात. एकदा जायचंय तिथे.